ईडीआयमध्ये पहिली नोकरी: क्लास लावावा की आधी फाइल वाचायला शिकावं?

चलनवाला:
शेजारची मुलगी परवा घरी आली. बी.एस्सी. झालीय, हातात एका क्लासचं पत्रक. ईडीआय मॅपिंगचा तीन महिन्यांचा कोर्स, फी ४५ हजार, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. "काका, लावू का?" मी नको म्हटलं आणि तिच्या बाबांचा चेहरा पडला. पहिला हप्ता भरून मगच विचारायला आले होते!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑर्डर, माल निघाल्याची सूचना, बिल हे कागद दोन कंपन्यांच्या संगणकांनी ठरलेल्या साच्यात परस्पर एकमेकांना पाठवायचे, मधे कुणी टाइप करायचं नाही, याला ईडीआय म्हणतात. समोरच्या साच्यातली कोणती माहिती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे बसवायची हे लिहिणं म्हणजे मॅपिंग. अमेरिकेत एक्स१२ हा साचा चालतो. तिथे कागदांना नंबर असतात: ८५० ऑर्डर, ८५६ पाठवणीची आगाऊ सूचना (एएसएन), ८१० बिल. युरोपात एडिफॅक्ट.

माझं मत असं की पहिल्या नोकरीसाठी टूलच्या मागे लागू नये. एका कंपनीत आयबीएमचं स्टर्लिंग हे सॉफ्टवेअर, दुसरीत आणखी काही. त्यापेक्षा कागद शिका. मी मुलाखतीला बसतो तेव्हा एकच प्रश्न विचारतो: "आपण ८५० पाठवला, समोरून ९९७ आला. ऑर्डर मान्य झाली का?" टूलचा कोर्स केलेली दहातली आठ मुलं 'हो' म्हणतात. ९९७ म्हणजे फक्त 'पाकीट उघडलं, आतलं पत्र साच्यात बसतंय' एवढीच पोच. माल देतो की नाही हे ८५५ सांगतो. हे कळायला ४५ हजार लागत नाहीत, एक शांत दुपार लागते.

कोडकरी:
दादा, तुम्ही मुलाखतीला बसता ते ठीक, पण पोरगी तुमच्यापर्यंत पोचणार कशी? आधी एचआर रेझ्युमे गाळतो, आणि त्याच्या गाळणीला टूलचं नाव लागतं. 'मला ८५० वाचता येतो' असं लिहिलं तर त्याला वाटेल बसचा नंबर आहे.

दुसरं म्हणजे, या वाटेला जायचंच कशाला? एक्स१२ची समिती १९७९ची. आपल्याकडे जीएसटीचं ई-इन्व्हॉइस १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालं ते थेट जेसन या नव्या साच्यात, एपीआयवर, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी थेट बोलायच्या सोयीवर. २२ वर्षांच्या मुलीला एक्स१२च्या चांदणी-चांदणीने (*) तोडलेल्या ओळी कसल्या वाचायला लावता? जावा शिकू दे, पायथन शिकू दे, एपीआय शिकू दे. ईडीआय लागलंच तर महिन्यात येईल.

रात्रपाळी_हिंजवडी:
कोडकरींशी अर्धा सहमत, पण माझं दुखणं वेगळं आहे. फ्रेशरला ईडीआयमध्ये घेतात ते मॅपिंगला नाही, सपोर्टला. सपोर्ट म्हणजे अमेरिकेचा दिवस, म्हणजे आपली रात्र. फाइल अडकली, तिकीट (तक्रारीची नोंद) आलं, पुन्हा पाठव, तिकीट बंद. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात ऑर्डरी अशा कोसळतात की दिवाळीची सुट्टी मागायचीही लाज वाटते. मी हे चार वर्षं केलं. पाचव्या वर्षी मुलाखतीत विचारलं, "मॅप कधी लिहिलात का?" नाही. "मग चार वर्षं काय केलंत?" काय सांगणार?

तरी पहिल्या महिन्यातला एक किस्सा सांगतो, चलनवाल्यांच्या बाजूने जाईल तो. एक फाइल अडकली होती. मी उघडली, वरच्या आयएसए ओळीत (पाकिटावरचा पत्ता म्हणा) मधेमधे रिकाम्या जागाच जागा. म्हटलं कुणीतरी गबाळेपणा केलाय. फाइंड-रिप्लेस मारून ओळ छान घट्ट केली आणि पाठवली. पार्टनरने फाइल फेकून दिली, वर फोन. आयएसए ओळीची लांबी ठरलेली असते, शेवटचं चिन्ह धरून बरोबर १०६ अक्षरं. पाठवणाऱ्याच्या आयडीला १५ घरं. आयडी नऊ अंकी असेल तर पुढची सहा घरं रिकामीच ठेवायची. मी नेमकी तीच साफ केली होती. टूलच्या ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण टूल ते आपोआप भरतं.

बीकॉम_सांगली:
इथे सगळे इंजिनियर बोलताहेत म्हणून मी येते. मी ईडीआयमध्ये आले ती चाकणच्या एका डिस्पॅच ऑफिसातून. दोन वर्षं चलनं फाडली, गाड्या भरून घेतल्या. गाडीउद्योगात ८३० येतो, तो पुढच्या आठवड्यांचा अंदाज. ८६२ म्हणजे नेमकं कोणत्या दिवशी किती पाठवायचं ते. या दोघांतला फरक मला कुणी शिकवावा लागला नाही, कारण अंदाजावर माल भरला म्हणून एकदा साहेबाच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

नंतर आयटीत आले तेव्हाची गोष्ट. एका ग्राहकाला १२० पेट्या हव्या होत्या, गेले १२० नग. पेटीत २४ नग, म्हणजे हवे होते २,८८० आणि ट्रक जवळजवळ रिकामा पोचला. कॉलवर अकरा माणसं. फाइल साच्यात बरोबर, ९९७ मध्ये 'स्वीकारली', लॉगमध्ये कुठे लाल रेघ नाही. सगळे सर्व्हर तपासत बसलेले. मी पीओ१ सेगमेंट, म्हणजे ऑर्डरमधली मालाची ओळ, बघितला. १२०च्या पुढे 'सीए' होतं, म्हणजे पेटी. आमच्या मॅपने ते घर वाचलंच नव्हतं, कारण हा ग्राहक कायम 'ईए', म्हणजे नगावरच मागवायचा आणि लिहिणाऱ्याने नग कायमचा ठोकून ठेवला होता. मी काही हुशार नाही हो. डिस्पॅचला फोन उचलला की पहिला प्रश्न 'नग की पेटी?' हीच सवय.

तेव्हा कोडकरी, 'महिन्यात येईल' ते सिंटॅक्स. बाकीचं नाही येत.

कोडकरी:
ताई, किस्सा जबरी आहे, मान्य. पण सगळ्यांनी दोन वर्षं चाकणला गाड्या भरायच्या का? फ्रेशरला आज नोकरी हवी आहे.

एडिसनची_काकू:
मधेच येते. रिटेल आणि गाड्या सोडून तिसरं जग आहे हे कुणी सांगितलंच नाही. इकडे अमेरिकेत दवाखान्याचं बिल विमा कंपनीकडे जातं ते ८३७, पैशांचा हिशोब परत येतो तो ८३५. हिपा या इथल्या आरोग्य-विम्याच्या कायद्यानेच हे साचे बंधनकारक केलेत, त्यामुळे 'एपीआय येऊन सगळं बुडवेल' ही भीती मी कितीतरी वर्षं ऐकतेय आणि दर सोमवारी कामावर जातेय.

चलनवाला:
काकूंनी माझं अर्धं काम केलं. कोडकरी, तुमचा एपीआयचा मुद्दा उलटाच आहे. बेल्जियममध्ये १ जानेवारी २०२६ पासून कंपन्या-कंपन्यांमधलं बिल ठरलेल्या साच्यातच पाठवणं सक्तीचं झालंय. तिथे चांदण्या नाहीत, एक्सएमएल आहे. पण आत काय आहे? विकणारा, घेणारा, नग, दर, कर. ज्याला ८१० कळतो त्याला ते परकं वाटणार नाही. ज्याला फक्त एक्सएमएल वाचायचा कोड येतो त्याला ताईंचा 'सीए' दिसणार नाही.

एचआरच्या गाळणीबद्दल मात्र हार मानतो. रेझ्युमेत शब्द लागतातच. मग त्यात एक्स१२, एडिफॅक्ट, एएस२ आणि एसएफटीपी (फाइल पाठवायच्या पद्धती), एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) लिहावं, पण प्रत्येक शब्दावर दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे. एसक्यूएल तर खरंच शिकावं, सपोर्टला पहिल्या दिवसापासून लागतं. सॅप सॉफ्टवेअरवाल्या कंपनीत गेलात तर आयडॉकचा (सॅपमधल्या कागदाचा) ५१ स्टेटस म्हणजे कागद आला पण आत चढला नाही, एवढं ठाऊक असलं तरी समोरचा खुर्चीत जरा पुढे सरकून बसतो.

रात्रपाळीवर माझ्याकडे उत्तर नाही. ती आहेच.

रात्रपाळी_हिंजवडी:
उत्तर एवढंच की दीड वर्षाची मुदत मनात ठरवून जा. तिकीट बंद करताना फाइल का अडकली ते रोज वहीत लिहा. आणि रात्रीच्या शांत वेळी मॅपिंगवाल्यांच्या मागे लागा, 'हा बदल मी करून बघू का?' मी लागलो नाही. माझ्याबरोबरची मुलगी लागली, ती आता माझी लीड आहे.

कोडकरी:
क्लास तरी लावू नये यावर एकमत धरायचं का?

बीकॉम_सांगली:
नाही. ज्याच्या घरात कुणी ऑफिसात काम केलेलं नाही, त्याला क्लासात निदान चार ओळखी मिळतात. फुकट सल्ला देणारे शेजारचे काका सगळ्यांकडे नसतात.

चलनवाला:
बरोबर आहे. हे मला सुचलं नव्हतं. पण 'शंभर टक्के प्लेसमेंट' कागदावर लिहून देतात का, हे तिच्या बाबांना विचारायला लावणार आहे.

नवीनच:
ती शेजारची मुलगी मीच. हप्ता परत मिळत नाहीये, बाबा रोज जाताहेत. काकांनी दिलेली ८५०ची नमुना फाइल काल दुपारी वहीत उतरवून काढली. एक चूक सापडली बहुतेक. शेवटी एसई ओळीत सेगमेंटची संख्या १४ लिहिलीय, मी तीनदा मोजले, १३च भरतात.

रात्रपाळी_हिंजवडी:
सुरुवातीची एसटी ओळ आणि शेवटची एसई, दोन्ही मोजलेस का?

नवीनच:
एसटी राहिला.