साथीच्या सुरुवातीच्या दिवसांतली लोकांची घबराट खरोखर घबराट होती का?

रोजनिशी (धागाकर्ती)

२०२० च्या पहिल्या काही महिन्यांत, कोरोनाची साथ पसरू लागली तेव्हा, मी रोज रात्री चार-सहा ओळी लिहून ठेवत असे. ती वही नुकतीच पुन्हा वाचली आणि तेव्हापासून एक विचार पाठ सोडत नाही. त्या दिवसांचा विषय निघाला की आपण सर्रास म्हणतो, की लोकांचा धीर सुटला, लोकांनी वेड लागल्यासारखी खरेदी केली आणि दिसेल ती वस्तू पुसत सुटले. माझ्या वहीत मात्र मला वेड दिसत नाही. त्या त्या दिवशी जे सांगितले जात होते त्याला धरूनच माणसे वागत होती, आणि सांगणे बदलले की वागणेही बदलत होते.

१९ मार्चची नोंद अशी आहे : ‘दाराशी आलेला पुठ्ठ्याचा खोका दिवसभर तसाच ठेवला. आतली प्लास्टिकची बाटली साबणाने धुतली, पुसली, आणि मग हात पुन्हा धुतले.’ आज हे वाचून कुणालाही हसू येईल. पण त्याच्या दोनच दिवस आधी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता आणि त्यात हा विषाणू पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत, तर प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत आढळला होता. बातम्यांतून तो आकडा घरोघरी पोहोचला. प्रयोगशाळेत विषाणू सापडणे आणि त्या वस्तूला हात लावून माणूस आजारी पडणे या दोन गोष्टींत बरेच अंतर असते, हे मात्र आकड्यासोबत पोहोचले नाही. मी धुतलेली ती बाटली म्हणजे अर्धवट माहितीवर केलेले पूर्ण शहाणपणाचे काम होते, असे मी आजही म्हणेन.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. लोक घाबरतील या भीतीपोटी अधिकाऱ्यांनी जे दडवले किंवा गुळमुळीत सांगितले, त्याने लोकांच्या घबराटीपेक्षा जास्त नुकसान झाले. वुहानमधले नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी आपल्या डॉक्टर मित्रांना, नव्या आजाराचे रुग्ण दिसत आहेत, जपून राहा, एवढेच कळवले होते. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना बोलावून अफवा पसरवल्याबद्दल समज दिली आणि तसे लिहिलेल्या कागदावर सही घेतली. ७ फेब्रुवारीला ते त्याच आजाराने गेले. पुढे ती समज मागे घेण्यात आली, पण सावध होण्याचे दिवस तोवर निघून गेले होते.

हे काही एकाच देशापुरते नाही. १९१८ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात इन्फ्लुएन्झाचे रुग्ण दिसू लागले असताना, डॉक्टरांनी इशारे दिलेले असताना, २८ सप्टेंबरला युद्धकर्जासाठीची मिरवणूक काढण्यात आली आणि तिला सुमारे २ लाख माणसे जमली. पुढच्या काही आठवड्यांत त्या शहरात १२ हजारांहून अधिक लोक दगावले. रस्त्यावर आलेली ती माणसे घाबरलेली नव्हती. काळजीचे कारण नाही, असे त्यांना सांगितले गेले होते.

वेगळे मत असणाऱ्यांनी जरूर लिहावे.

साशंक

मी असहमत आहे आणि थोडे सविस्तर लिहितो, कारण धागाकर्तीने त्यांच्या मुद्द्याला सोयीची तेवढीच उदाहरणे घेतली आहेत असे मला वाटते.

बाटली धुण्याने कुणाचे वाईट झाले नाही, त्यामुळे तिचा बचाव करणे सोपे आहे. त्याच आठवड्यांत इराणमध्ये मद्याने विषाणू मरतो या समजुतीपायी मिथेनॉल असलेले विषारी मद्य पिऊन शेकडो माणसे मेली. एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये ५जी लहरींनी आजार पसरतो असे मानून मोबाइलचे मनोरे पेटवण्यात आले. पूर्व आशियाई चेहऱ्याच्या माणसांना अनेक देशांत रस्त्यावर शिवीगाळ झाली, मारहाण झाली. त्यांतल्या कित्येकांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. यातली कुठली गोष्ट ‘त्या दिवशी सांगितलेल्या माहितीला धरून’ होती? जागतिक आरोग्य संघटनेने २ फेब्रुवारीलाच सांगितले होते की आजाराच्या साथीबरोबर माहितीचीही साथ आली आहे आणि खरे-खोटे वेगळे करणे लोकांना कठीण जात आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. खोट्या इशाऱ्याचीही किंमत मोजावी लागते. १९७६ मध्ये अमेरिकेत फोर्ट डिक्स येथील सैनिकांत स्वाइन फ्लूचा विषाणू सापडला आणि १९१८ ची पुनरावृत्ती होणार या धास्तीने ४ कोटींहून अधिक लोकांना लस टोचण्यात आली. साथ आलीच नाही. लस घेतलेल्या काही लोकांत मात्र गुइलेन-बारे हा मज्जातंतूंचा विकार दिसू लागला आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली. २००९ मध्ये इजिप्तने देशातली सुमारे ३ लाख डुकरे मारण्याचा आदेश काढला. तेव्हाचा स्वाइन फ्लू डुकरांपासून नव्हे तर माणसाकडून माणसाकडे पसरत होता, पण नावात ‘स्वाइन’ होते. कैरोतले कचरावेचक ओला कचरा याच डुकरांना घालत असत. डुकरे गेल्यावर तो कचरा रस्त्यांवर साचला. लोकांच्या भीतीला मान देऊन घाईने निर्णय घेतला की काय होते, ते या दोन उदाहरणांत दिसते.

वही वाचताना धागाकर्तीला पुढे काय झाले ते माहीत आहे. जानेवारी २०२० मध्ये टेबलापाशी बसून निर्णय घेणाऱ्यांना ते माहीत नव्हते.

वाटसरू

साशंक यांच्या प्रतिसादात साठेबाजी आलेली नाही, म्हणून तिच्याविषयी थोडेसे. मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियापासून अमेरिकेपर्यंत दुकानांतून टॉयलेट पेपर नाहीसा झाला आणि हावरटपणाचा नमुना म्हणून त्या रिकाम्या फळ्यांची छायाचित्रे जगभर फिरली. हावरटपणा होता, हे मी नाकारत नाही. पण कार्यालये, शाळा आणि उपाहारगृहे बंद झाल्यावर जो कागद माणसे तिथे वापरत होती तो आता घरी लागणार होता, आणि तिथले मोठे, पातळ कागदाचे रोल वेगळ्या यंत्रांवर बनतात, वेगळ्या वाटेने विकले जातात. घरगुती मागणी खरोखरच वाढली होती. शेवटची दोन पाकिटे उरलेली पाहून तिसरे माणूस ती उचलते, तेव्हा ते गणित चुकलेले नसते.

सिंगापूरचेही उदाहरण पाहा. ७ फेब्रुवारीला तिथल्या सरकारने धोक्याची पातळी वाढवली आणि त्याच संध्याकाळी दुकानांत झुंबड उडाली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी तीन भाषांत निवेदन केले. साठा पुरेसा आहे हे त्यांनी सांगितलेच, पण आजार फार पसरला तर प्रत्येक रुग्णाचा संपर्क शोधणे शक्य राहणार नाही आणि तेव्हा धोरण बदलावे लागेल, हेही सांगून टाकले. झुंबड ओसरली. वाईट शक्यता ऐकून लोक आणखी पळत सुटले नाहीत.

परिचारिका

लोक शहाणपणाने वागत होते, हे वाचून मला त्रास झाला, आणि का झाला ते सांगते.

त्या मार्च-एप्रिलमध्ये मी श्वसनविकारांच्या कक्षात काम करत होते. आम्हाला मिळणारा मास्क एका पाळीपुरता असायचा. तो आम्ही कागदी पिशवीत घालून वर नाव आणि वार लिहून ठेवायचो आणि पाचव्या दिवशी पुन्हा तोच चढवायचो. नाकावरची पट्टी वाकून वाकून तुटायची, तेव्हा वरून चिकटपट्टी लावायचो. त्याच काळात कुठल्या तरी घरांत मास्कचे खोके उघडलेही गेले नव्हते.

एके दिवशी पाळी संपवून आले तर दाराला चिठ्ठी लावलेली. अक्षर सुंदर होते. ‘आपल्या कार्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. तथापि इमारतीतील ज्येष्ठांचा विचार करून आपण लिफ्टऐवजी मागील जिना वापरावा, ही नम्र विनंती.’ खाली अकरा सह्या. माझे घर सातव्या मजल्यावर होते.

या चिठ्ठीला घबराट म्हणता येणार नाही. घाबरलेला माणूस ‘तथापि’ लिहीत नाही. त्या अकरा जणांनी बसून, विचार करून, मसुदा ठरवून ते लिहिले होते. म्हणून धागाकर्तीचे अर्धे म्हणणे मी मान्य करते, लोक भानावर होते. पण भानावर असलेला माणूस योग्यच वागतो, असे त्यांच्या लिहिण्यातून जे सूचित होते ते मला मान्य नाही. वेड्या गर्दीला माफ करता येते. त्या अकरा सह्यांचे काय करायचे, ते मला अजून कळलेले नाही. मी सात मजले चढत होते, दिवसाला दोनदा, बारा तासांच्या पाळीनंतरसुद्धा, आणि माझ्या गुडघ्यांपेक्षा मला त्या सह्यांतल्या ओळखीच्या नावांचा त्रास जास्त व्हायचा.

रोजनिशी (धागाकर्ती)

परिचारिका, तुमचे म्हणणे मी नुसते मान्य करत नाही, तर माझे मूळ लिखाण त्यामुळे अपुरे ठरते हेही मान्य करते. ‘घबराट नव्हती’ आणि ‘चूक नव्हती’ ही दोन विधाने मी एकाच पिशवीत घातली. माझ्या वहीतही असे एक पान आहे. शेजारच्या मुलाला खोकला आहे असे कळल्यावर मी तीन आठवडे त्या घराशी बोलले नव्हते.

साशंक यांच्या दोन्ही मुद्द्यांना उत्तर देते. १९७६ आणि इजिप्तची उदाहरणे खरी आहेत, पण तिथे घाई कुणी केली? दोन्ही ठिकाणी आदेश सरकारचे होते. आपत्तींचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारांटेली यांनी आयुष्यभराच्या संशोधनातून हेच मांडले, की संकटात सामान्य माणसे सैरावैरा पळतात ही समजूत प्रत्यक्षात फार क्वचित खरी ठरते. मिथेनॉलचे उदाहरण मात्र मला निरुत्तर करते. त्यावर माझ्याकडे एवढेच आहे, की अधिकृत सांगण्यावरचा विश्वास जिथे आधीच आटलेला असतो तिथे अफवेला मोकळे रान मिळते.

आणि तो विश्वास कसा आटला ते पाहा. २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे सरकारतर्फे जनतेला आरोग्याचा सल्ला देणाऱ्या प्रमुख डॉक्टरांनी, लोकांना मास्क विकत घेणे थांबवा असे जाहीरपणे सांगितले. सर्वसामान्यांना संसर्ग टाळण्यासाठी त्यांचा उपयोग नाही, असे एक कारण. आरोग्य कर्मचाऱ्यांना ते मिळाले नाहीत तर सगळ्यांनाच धोका आहे, हे दुसरे. मग तो कर्मचाऱ्यांना का लागतो, हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडेल. ३ एप्रिलला त्याच देशात सगळ्यांनी कापडी मास्क वापरावा असे सांगण्यात आले.

१० मार्चला वॉशिंग्टन राज्यात एका समूहगायन मंडळाची अडीच तासांची तालीम झाली. दाराशी हात निर्जंतुक करण्याची सोय होती, हस्तांदोलन आणि गळाभेट टाळली गेली होती. जमलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे गेले. सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी पाळली होती. गाताना हवेतून काय पसरते ते त्यांना कुणी सांगितले नव्हते, आणि २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटना हा आजार हवेतून पसरत नाही असे ठामपणे सांगत होती.

साशंक

२८ मार्चच्या त्या विधानाचा बचाव मी करणार नाही. ‘पुरावा अजून अपुरा आहे’ असे म्हणायला हवे होते आणि तेवढा ठामपणा दाखवण्याचे कारण नव्हते. पण तुमचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. सरकारच्या आदेशामागे लोकांचा रेटा असतो. इजिप्तमधले आदेश निर्वात पोकळीत निघाले नव्हते. आणि सिंगापूरचे उदाहरण एका छोट्या देशाचे आहे, जिथे २००३ च्या सार्स या श्वसनविकाराच्या साथीची आठवण ताजी होती आणि सरकारच्या शब्दाला वजन होते. तेच निवेदन दुसरीकडे वाचले असते तर लोक ‘आजार फार पसरला तर’ एवढेच ऐकून दुकानाकडे धावले असते, अशी मला दाट शंका आहे.

म्हणून एक सरळ प्रश्न विचारतो. २९ फेब्रुवारीला तुम्ही त्या खुर्चीवर असता, देशात मास्क कमी आहेत हे तुम्हाला माहीत असते, तर तुम्ही लोकांना नेमके काय सांगितले असते? तत्त्व नको, वाक्य हवे.

रोजनिशी (धागाकर्ती)

‘मास्कचा उपयोग होतो असे आम्हाला वाटते, पण किती होतो ते अजून ठाऊक नाही. आज आपल्याकडे ते पुरेसे नाहीत. कक्षात रुग्णाच्या तोंडापाशी उभ्या असणाऱ्यांना ते आधी मिळू द्या. तोवर घरी कापडाचा शिवा आणि गर्दी टाळा. यातले काही चुकीचे ठरले तर आम्हीच येऊन सांगू.’

साशंक

वाक्य प्रामाणिक आहे. त्याने एकही खोका कमी विकला गेला असता, हे मात्र तुम्ही सिद्ध करू शकत नाही.

उशिरा आलेला वाचक

सिद्ध मीही करू शकत नाही, पण खोके विकत घेणारा मी होतो, म्हणून लिहितो.

फेब्रुवारीच्या शेवटी मी औषधाच्या दुकानातून सहा खोके घेतले. ते शेवटचे होते. माझ्या मागे एक बाई उभ्या होत्या, त्यांनी मास्क मागितला आणि दुकानदाराने माझ्या पिशवीकडे पाहून मान हलवली. त्यांच्या मुलाची केमोथेरपी सुरू होती, हे त्या दुकानदाराला सांगत असताना मी पैसे मोजत होतो. मी ऐकले आणि बाहेर पडलो. हात थरथरत नव्हते, डोके शांत होते. मास्क निरुपयोगी आहेत असे सांगणारे खोटे बोलत आहेत एवढे माझे मी ताडले होते, आणि ज्याअर्थी ते खोटे बोलत आहेत त्याअर्थी परिस्थिती सांगतात त्याहून वाईट असणार, असा हिशेब केला होता. त्यातून सहा हा आकडा आला.

धागाकर्तीचे ते वाक्य त्या दिवशी माझ्या कानावर पडले असते, तर मी बहुधा दोन घेतले असते. एकही घेतला नसता असे मला म्हणता येत नाही, कारण घरी आई होती आणि तिची फुप्फुसे आधीच अधू होती. पण उरलेले चार त्या दुकानात राहिले असते आणि त्या बाई माझ्या मागेच उभ्या होत्या.