गाड्यांचं उत्पादन : तुलनेला कोणते देश घ्यावेत?

निगडीकर
भाची अर्थशास्त्रात एम.ए. करतेय. प्रकल्पाचा विषय : देशोदेशींच्या मोटार उत्पादनाचा कल. आकडे कुठे मिळतील? सरांनी चारच देश घ्यायला सांगितलेत, कोणते घ्यावेत?

डिझेलमामा
ओआयका, म्हणजे मोटार उत्पादकांची आंतरराष्ट्रीय संघटना. १९९९ पासूनचे देशवार तक्ते त्यांच्या साइटवर आहेत. पण नुसता 'कार'चा रकाना उचलू नका. २०२३ मध्ये त्यात अमेरिका साडेसतरा लाखांच्या आसपास दिसते आणि भारत जवळपास ४८ लाख. म्हणजे आपण त्यांच्या पावणेतीनपट? कुठलं काय! तिकडच्या पिकअप आणि बहुतेक एसयूव्ही व्यावसायिक वाहनांत धरल्यात. दोन्ही रकाने मिळून अमेरिका १ कोटी ६ लाख, आपण ५८ लाख. एकूण आकडाच घ्या, नाहीतर तोंडी परीक्षेत भंबेरी उडेल.

सिंहगडरोडवाली
आणि सियामचे, म्हणजे भारतीय वाहन उत्पादकांच्या संघटनेचे आकडे एप्रिल ते मार्च असतात, ओआयकाचे जानेवारी ते डिसेंबर. एका आलेखात दोन्ही कालवू नका.

देश माझ्या मते : चीन, जपान, भारत, ऑस्ट्रेलिया. चीन २००० साली २० लाखांवर होता, २००९ मध्ये जपानला मागे टाकून पहिला आला, २०२३ मध्ये ३ कोटींच्या वर. जपान त्याच काळात १ कोटीवरून ९० लाखांवर. आपण ८ लाखांवरून ५८. एकाच आलेखात काढलं तर चीनपुढे बाकीचे जमिनीला चिकटतात, म्हणून लॉग स्केल वापरा, म्हणजे १, १०, १०० अशी दर टप्प्याला दहापट वाढणारी पट्टी. सुरुवात २०२० पासून मात्र नको, कोविडनंतर सगळेच चढलेले दिसतील.

निगडीकर
जर्मनी नको? पुण्यात बसून जर्मनी वगळायचा म्हणजे…

डिझेलमामा
जर्मन कंपन्या वेगळ्या, जर्मनी वेगळा. चाकणला बनलेली फोक्सवॅगन भारताच्या खात्यात पडते. जर्मनी घ्यायचाच तर जपानच्या जागी घ्या. ऑस्ट्रेलिया मात्र काढू नका. फोर्डने तिथलं उत्पादन २०१६ मध्ये थांबवलं, टोयोटा आणि होल्डननी २०१७ मध्ये. लहान बाजारपेठ, उतरलेली आयात जकात, महागडा ऑस्ट्रेलियन डॉलर, सगळं एकदम आलं. होल्डन जनरल मोटर्सचीच. जनरल मोटर्सने २०२० च्या अखेरीस तळेगावचं उत्पादनही थांबवलं, पण तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. भाचीला म्हणावं, दोन्हीकडे पुढे काय झालं यावर एक पान लिही.

निगडीकर
आजच सांगतो. धन्यवाद मामा, ताई.