मदत हवी आहे: साताऱ्यातून वर्क फ्रॉम होम, आता म्हणतात ऑफिसला या

नमस्कार मंडळी, एका परदेशी बँकेच्या पुण्यातल्या सेंटरला केवायसी ऑपरेशन्समध्ये (ग्राहकांची ओळख-पडताळणी) एव्हीपी म्हणजे असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट आहे, एव्हीपी नावालाच हो, दिवसभर एस्कलेशनचा (वर पाठवलेल्या केसेसचा) ट्रॅकर भरायचा. 2021 च्या शेवटी जॉइन झालो तेव्हापासून साताऱ्यातूनच काम, आईबाबा इथे, होम लोनही इथलंच. आता मेल आलाय, आठवड्यातून तीन दिवस पुण्यात खराडीच्या ऑफिसला बॅज स्वाइप पाहिजे, आणि त्याच आठवड्यात टीमचं अलर्टचं (संशयास्पद वाटणाऱ्या केसेसच्या इशाऱ्यांचं) पहिलं रिव्ह्यू आमच्याकडून सॉफ्टवेअर टूलकडे गेलं. मॅनेजर म्हणतो "टेन्शन घेऊ नको", तो असं म्हणाला की जास्तच येतं.

ऑफर लेटरमध्ये बेस लोकेशन पुणे आहे, मग गेलो नाही तर थेट काढतात की राजीनामा द्यायला लावतात? मित्र म्हणतो सुपरवायझरी रोल आणि हा पगार म्हणजे कामगार कायद्याचं संरक्षण विसर, खरंय का? ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरलेत, 90 दिवसांचा नोटीस पिरियड त्यात धरतात ना? आणि कॅम्स सर्टिफिकेशन (मनी लाँडरिंग रोखण्याच्या कामाचं) करून कुणाला रिमोट रोल मिळालाय का, फी बघूनच घाम फुटला. एचआरला अजून उत्तर दिलेलं नाही, आधी तुमचे अनुभव सांगा प्लीज.