लिव्हरची गाठ साधी की कॅन्सरची, स्लाइडवर कळत नाही का?

सुखलियाकर:
मंडळी, इंदूरहून लिहितोय. वहिनीच्या (वय ३४) लिव्हरमध्ये ६ सेंमीची गाठ निघाली, सोनोग्राफी भलत्याच कारणासाठी केली होती. सुईने बायोप्सी झाली, रिपोर्टमध्ये 'वेल डिफरन्शिएटेड हिपॅटोसेल्युलर निओप्लाझम, रेटिक्युलिन आणि आयएचसी करावे' एवढंच (आयएचसी म्हणजे पेशींतली प्रथिनं रंगवून बघणं म्हणे). एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरचा इशारा देणारी रक्ततपासणी) नॉर्मल आहे. दादा म्हणतो सरळ मुंबई गाठू. मायक्रोस्कोपखाली बघूनही सांगता येत नसेल तर बघितलं कशाला?

स्लाइडवाली:
भिया, आधी श्वास घ्या. निओप्लाझम म्हणजे गाठ, कॅन्सरच असं नाही; बाकीच्या शब्दांचा अर्थ एवढाच की ती लिव्हरच्याच, नॉर्मलसारख्या दिसणाऱ्या पेशींची आहे. पॅथॉलॉजिस्टने घाईत शिक्का मारला नाही हे चांगलंच केलं, कारण अॅडिनोमाच्या (लिव्हर-पेशींची साधी गाठ) पेशी जवळपास नॉर्मल लिव्हरसारख्या दिसतात आणि लो ग्रेड एचसीसीच्याही (लिव्हर-पेशींचा कॅन्सर) तशाच, मग पेशीकडे बघून काय कळणार, मांडणी बघावी लागते. रेटिक्युलिन हा चांदीचा स्टेन (स्लाइड रंगवायची पद्धत), त्यात पेशींच्या ओळींभोवती बारीक काळी जाळी दिसते. अॅडिनोमात ती शाबूत आणि ओळी एक-दोन पेशी जाड. एचसीसीत जाळी विरळ होते, तुटते, ओळी तीनपेक्षा जास्त पेशी जाड. पण चरबी जास्त असली तर साध्या गाठीतही जाळी विरळ दिसते, म्हणून सोबत ग्लिपिकॅन-३, एचएसपी-७० आणि ग्लुटामिन सिंथेटेज हे तीन आयएचसी स्टेन लावतात, तिन्हीतले दोन पॉझिटिव्ह आले तर एचसीसीकडे कल. नुसतं ग्लिपिकॅन निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं नाही. एएफपीचंही तेच.

बडोद्याचा बंड्या:
वहिनी गर्भनिरोधक गोळ्या घेतात का? आणि बाकीचं लिव्हर कसं आहे, सिरोसिस, हिपॅटायटिस बी वगैरे? त्यावर अर्धा खेळ फिरतो.

सुखलियाकर:
गोळ्या घेते, बरीच वर्षं. लिव्हर बाकी ठीक. पण हे बायोप्सीच्या फॉर्मवर कुणी लिहिलंच नव्हतं!

स्लाइडवाली:
मग आजच लॅबला फोन करून सांगा, अॅडिनोमाचा संशय वाढतो. बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा स्टेनही करायला सांगा, ते बिघडलेला अॅडिनोमा असला तर पुढे कॅन्सर होण्याची भीती जास्त. साधा अॅडिनोमा निघाला तरी ५ सेंमीवरची गाठ फुटून रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे डॉक्टर बहुतेक गोळ्या बंद करून काही महिन्यांनी एमआरआय करतील, गाठ आक्रसली नाही तर ऑपरेशनचं बोलतील. मुंबईला जायचंच असेल तर स्लाइडसोबत मेणाचा ब्लॉकही (ज्यात बायोप्सीचा तुकडा बसवलेला असतो तो) मागून घ्या, नवे स्टेन त्यातूनच काप काढून होतात.