वयाच्या २७ व्या वर्षी केस विरळ होत आहेत: औषध सुरू करावे का?

शोधयात्री

नमस्कार. माझे वय २७ आहे. गेल्या चार वर्षांत कपाळाचे दोन्ही कोपरे हळूहळू मागे सरकले, पण तिकडे मी फारसे लक्ष दिले नाही. गेल्या वर्षी मात्र एका समारंभात कोणीतरी पाठीमागून काढलेल्या छायाचित्रात माझ्या भोवऱ्याभोवतीची कातडी दिव्याखाली चमकताना दिसली आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. सकाळी उठल्याबरोबर उशीवरचे केस मोजण्याची सवय लागली आहे. काल ते २३ भरले.

वडिलांचे केस साठीतही दाट आहेत, त्यामुळे टक्कल आपल्या वाट्याला येणार नाही असे मी धरून चाललो होतो. आईच्या वडिलांना मात्र तिशीतच टक्कल पडले होते. वर्षभर मी निरनिराळी तेले लावली, बायोटिनच्या गोळ्या घेतल्या, उपयोग झाला नाही. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी रोज १ मिलिग्रॅम फिनास्टेराइडची गोळी आणि डोक्याला लावायला ५ टक्के मिनॉक्सिडिल लिहून दिले. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर चौथ्या आठवड्यात केस आधीपेक्षा जास्त गळू लागले, म्हणून घाबरून मी ते थांबवले. आणि गोळीविषयी जे काही वाचनात आले त्यामुळे तिची पट्टी अजून फोडलेलीच नाही. हे टक्कल नक्की कशामुळे पडते, मिनॉक्सिडिलने माझे नुकसान झाले का, आणि ही औषधे खरोखरच आयुष्यभर घ्यावी लागतात का, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

त्वचावैद्य

तुमची अस्वस्थता मी रोज समोरच्या खुर्चीत पाहतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम उशीवरचे केस मोजणे बंद करा. निरोगी माणसाचेही दिवसाला ५० ते १०० केस गळतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. पुरुषी टकलात खरी गोष्ट वेगळीच घडत असते: गळलेल्या केसाच्या जागी येणारा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक, आखूड आणि फिका असतो. केसाचे मूळ साधारण दोन ते सहा वर्षे वाढीच्या अवस्थेत असते, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेते. या विकारात वाढीचा काळ प्रत्येक फेरीगणिक आखडत जातो, मूळ लहान होत जाते आणि अखेर तेथे नुसती लव उरते. तुमच्या भोवऱ्याजवळचे दोन-चार केस आणि मानेजवळचे दोन-चार केस पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून पाहा. जाडीतला फरक नुसत्या डोळ्यांनीही दिसण्याची शक्यता आहे. दवाखान्यात आम्ही भिंगातून हेच पाहतो. जाड आणि बारीक केस एकमेकांत मिसळलेले दिसले की निदानाविषयी फारशी शंका राहत नाही.

हे कशामुळे होते, याचा पहिला भक्कम पुरावा १९४२ साली अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी मांडला. वयात येण्यापूर्वी ज्यांचे अंडकोष काढले गेले होते किंवा निकामी झाले होते त्यांना टक्कल पडत नव्हते. मात्र त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. म्हणजे संप्रेरक आणि आनुवंशिकता या दोन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. पुढे १९७४ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमधील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या कुटुंबांतल्या काही पुरुषांत टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये, रूपांतर करणारे विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी होते. त्यांचे कपाळ मागे सरकत नव्हते आणि प्रोस्टेट ग्रंथीही लहानच राहत होती. ते विकर रोखणाऱ्या फिनास्टेराइडची कल्पना याच निरीक्षणातून पुढे आली. तुमच्या शरीरात हे संप्रेरक इतरांपेक्षा जास्त आहे असे मुळीच समजू नका. बहुतेकांच्या रक्तात त्याचे प्रमाण नेहमीसारखेच असते, फक्त कपाळाकडच्या आणि टाळूवरच्या मुळांना ते सोसत नाही.

आता आईच्या वडिलांविषयी. या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या पेशीतील ग्राहकाचे (रिसेप्टरचे) जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते आईकडूनच मिळते, म्हणून आजोळकडचा वारसा महत्त्वाचा ठरतो. पण याखेरीज इतर अनेक जनुकांचाही यात हात असतो आणि ती दोन्ही घराण्यांतून येतात, त्यामुळे केवळ वडिलांकडे किंवा केवळ आजोबांकडे पाहून भाकीत करता येत नाही.

मिनॉक्सिडिलने तुमचे नुकसान झालेले नाही. हे मुळात रक्तदाबाचे औषध; ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचा हा गुण लक्षात आला, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत डोक्याला लावण्याच्या २ टक्के द्रावणाला पुरुषांच्या टकलासाठी मान्यता मिळाली. विश्रांतीत असलेल्या मुळांना ते पुन्हा वाढीच्या अवस्थेत ढकलते, आणि नवा केस वर येताना तिथे अडकून असलेला जुना, मेलेला केस बाहेर पडतो. दुसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान दिसणारी ही गळ म्हणजे औषध लागू पडत असल्याची खूण असू शकते. तुम्ही नेमके त्याच वळणावर थांबलात, आणि असे थांबणारे तुम्ही एकटे नाही. औषध लिहून देतानाच हे सांगितले गेले असते तर ही वेळ आली नसती. टाळू कोरडी असताना दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी १ मिलिलिटर, केसांना न चोपडता भांग पाडून कातडीवर लावावे आणि किमान चार तास डोके धुऊ नये. चार ते सहा महिन्यांपूर्वी काही ठरवू नका. खरा निकाल वर्षाने कळतो.

बायोटिनची कमतरता मुळात विरळ असते, त्यामुळे त्या गोळ्यांनी फरक न पडणे स्वाभाविक आहे. शिवाय जास्त मात्रेत घेतलेले बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवते, म्हणून तपासणीपूर्वी ते घेत असल्याचे अवश्य सांगावे.

जुना_सभासद

मी २८ व्या वर्षी ही दोन्ही औषधे सुरू केली, आज ४१ चा आहे. पहिल्या दोन महिन्यांत न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा गुंता साचत असे आणि मी रोज तो बोटाने उचलताना आता सगळे संपले असे समजत असे. पाचव्या महिन्यात गळ थांबली. दाट केस परत आले असे मी म्हणणार नाही. कपाळाचे कोपरे गेले ते गेलेच, भोवरा मात्र बऱ्यापैकी भरला आणि आजही तसाच आहे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवाने शिकलो. ३३ व्या वर्षी, आता सगळे ठीक आहे असे वाटून मी दोन्ही औषधे सोडली. दहा महिन्यांत जे टिकवले होते ते बरेचसे गेले, आणि पुन्हा सुरू केल्यावर त्यातला काही भागच परत मिळाला. औषध चालू असेपर्यंतच त्याचा परिणाम राहतो, ही गोष्ट सुरुवातीलाच मान्य करूनच पहिली गोळी घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. दुसरे म्हणजे, दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, कोरड्या केसांची तीन छायाचित्रे काढून ठेवा. आरसा रोज वेगळे सांगतो. छायाचित्रांमुळे माझे कितीतरी चुकीचे निर्णय टळले.

मोकळे_आकाश

दुसरी बाजूही नोंदवतो, कारण ती मी भोगली आहे. फिनास्टेराइड सुरू केल्यावर तिसऱ्या महिन्यात माझी कामेच्छा कमी झाली आणि पाठोपाठ मन विनाकारण खिन्न राहू लागले. संकोचामुळे मी दोन महिने कोणालाच काही बोललो नाही, ही माझी चूक झाली. पत्नीने विचारल्यावर सगळे सांगितले, डॉक्टरांना भेटलो आणि गोळी थांबवली. काही आठवड्यांत मी पूर्ववत झालो. त्यानंतर मी यंत्राने केस अगदी बारीक कापून घेतले आणि पाच वर्षे तसाच राहतो आहे. पहिल्या दिवशी आरशासमोर जड गेले, आठवडाभराने सवय झाली. उपचार न घेणे हासुद्धा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

त्वचावैद्य

मोकळे_आकाश, तुम्ही हे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. रुग्ण संकोचतात आणि आम्हीही पुष्कळदा विचारत नाही.

शोधयात्री, आकडे समोर ठेवून विचार करा. १ मिलिग्रॅम गोळीला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. दोन वर्षांच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्या ८३ टक्के पुरुषांच्या भोवऱ्याजवळच्या केसांची संख्या टिकली किंवा वाढली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. पहिल्या वर्षात लैंगिक स्वरूपाचा दुष्परिणाम ३.८ टक्के पुरुषांना जाणवला, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्या २.१ टक्के पुरुषांनाही. बहुतेकांचा त्रास गोळी थांबवल्यावर जातो. मात्र काहींनी तो नंतरही टिकल्याचे नोंदवले आहे आणि त्या तक्रारी मी हलक्याने घेत नाही. २०२५ मध्ये युरोपियन औषध संस्थेने आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचे निश्चित केले. तो किती जणांत होतो हे सांगता येत नसले, तरी ज्यांना पूर्वी नैराश्य आले आहे त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे, आणि मन खचत असल्याचे जाणवताच गोळी बंद करून भेटले पाहिजे. आणखी एक गोष्ट आजच वहीत लिहून ठेवा: ही गोळी प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी केल्या जाणाऱ्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा साधारण निम्म्यावर आणते, त्यामुळे पुढे कधी ती तपासणी केलीत तर गोळी घेत असल्याचे सांगायला विसरू नका. तसेच गरोदर स्त्रीने तुटलेल्या किंवा चुरलेल्या गोळीला हात लावू नये.

शोधयात्री

सर्वांचे आभार. आज पहिली तीन छायाचित्रे काढली. मिनॉक्सिडिल पुन्हा सुरू करतो आणि गोळीविषयी पुढच्या आठवड्यात डॉक्टरांशी बोलून ठरवतो; दोन वर्षांपूर्वी मला काही महिने नैराश्याचा त्रास झाला होता, तेही त्यांना सांगेन. दोन शंका उरतात. एकदाच केशरोपण करून हे सगळे टाळता येईल का? आणि घरात मांजर आहे, ती रात्री माझ्या उशाशीच झोपते. मिनॉक्सिडिल लावल्यावर तिला काही होणार नाही ना?

त्वचावैद्य

मांजराचे आधी सांगतो, कारण ते तातडीचे आहे. मिनॉक्सिडिल मांजरांना अत्यंत विषारी असते. उशीच्या अभ्र्यावर लागलेले किंवा तुमच्या केसांतून चाटलेले थोडेसे द्रावणही तिच्या जिवावर बेतू शकते. तिला आजपासून झोपायच्या खोलीबाहेर ठेवा, लावल्यावर हात साबणाने धुवा, अभ्रे वेगळे धुवा आणि बाटली कपाटात बंद ठेवा. एवढे जमणार नसेल तर हे औषध घरात आणूच नका आणि डॉक्टरांना दुसरा मार्ग विचारा. ती चाटताना दिसली तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्याकडे न्या.

केशरोपणाची घाई या वयात करू नये. मानेकडच्या भागातून काढलेली मुळे नव्या जागीही आपला मूळ गुण राखतात, हे १९५९ मध्ये नॉर्मन ओरेंट्राइक यांनी दाखवून दिले आणि आजचे रोपण त्याच तत्त्वावर चालते. परंतु मानेकडचा तो साठा मर्यादित असतो, आणि रोपलेल्या केसांच्या भोवतीचे तुमचे स्वतःचे केस औषधाशिवाय जातच राहतात. २७ व्या वर्षी कपाळाची रेषा भरून घेतलेल्या माणसाच्या कपाळावर चाळिशीत केसांचा एक पट्टा आणि त्यामागे रिकामी टाळू, असे चित्र मी पाहिले आहे. आधी वर्षभर औषधाने गळ थांबते का ते पाहा आणि तुमची आज काढलेली ती तीन छायाचित्रे जपून ठेवा. पुढे शस्त्रक्रियेचा विचार करायची वेळ आली तर तो शल्यविशारद सर्वांत आधी तीच मागेल.