दारू 'रक्तातच' असते का? पोराची जीन टेस्ट करू की नको?

जेटीवरची (रत्नागिरी)

नमस्कार. थोडी लांबड लावतेय, सांभाळून घ्या.

आमचं घर मिरकरवाडा बंदराजवळ. बाबा तांडेल (बोटीचे कप्तान) होते, ५१व्या वर्षी दारूने गेले. दादा त्याच बोटीवर तांडेल झाला आणि आता त्याच वाटेने चाललाय. गेल्या डिसेंबरात बोट चार दिवस बाहेर होती. नेलेली दारू पहिल्याच दिवशी संपली. तिसऱ्या रात्री दादाला दरदरून घाम, हात इतके थरथरायला लागले की सुकाणू धरवेना. मग तो खलाशांना सांगायला लागला, बाबा पाण्यावर उभे आहेत, हाका मारतायत. दोघांनी कवळ घालून धरला म्हणून, नाहीतर उतरलाच असता. घरी आल्यावर काय झालं असेल ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला. संध्याकाळी कुणीतरी बाटली आणून दिली, दादा माणसात आला, आणि नाव मात्र कोंबड्याचं झालं.

मग एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. नाव सांगत नाही, जिल्हाही नाही. पहिले तीन दिवस खोलीला कुलूप, ओरडला की चापट्या. दीड महिन्याने आला, आठ दिवस टिकला.

आता खरा प्रश्न. माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. अंगाने आजोबांसारखा, हट्टही तोच, आणि मामाबरोबर बोटीवर जायची भारी हौस. सासूबाई उठताबसता म्हणतात, "तुमच्या रक्तातच हाय ता." मोबाइलवर एक जाहिरात सारखी येते: थुंकीचा नमुना पाठवा, मुलाला व्यसनाचा धोका किती ते सांगतो, साडेसात हजार. मी पतपेढीत क्लार्क आहे, जमवीन पैसे. पण करू का? आणि दादासाठी मेंदूला शॉक देऊन दारू सोडवतात म्हणे, ते कुठे होतं? सध्या मासेमारीला बंदी आहे, बोटी शाकारून ठेवल्यात, ३१ जुलैपर्यंत तो घरीच आहे. पुन्हा असा सापडायचा नाही.

(आई रोज दोनदा मशेरी लावते. तिला मात्र घरात कुणी व्यसनी म्हणत नाही.)

समुद्रपक्षी_०७

ताई, कशाला एवढा विचार. माझ्या मेव्हण्याला आम्ही चहातून गोळीची पूड दिली, त्याला पत्ताही लागला नाही. वर प्यायला की भडाभडा उलट्या. महिन्यात सुटली. नाव हवं तर मेसेज करा.

काउंटरपलीकडून (देवगड)

भाऊ, राग मानू नका, पण हे कुणालाही सुचवू नका. माझं मेडिकल २२ वर्षांचं आहे. वर्षाला चार-पाच बायका तरी येतात, हळू आवाजात 'चहात टाकायची गोळी' मागतात. त्यांचं दुःख कळतं, तरी मी देत नाही.

त्या गोळीचं नाव डायसल्फिरम. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विष करतं, आणि मग दुसरं एक एन्झाइम ते विष संपवतं. गोळी या दुसऱ्या एन्झाइमला कुलूप घालते. विष साठतं, चेहरा लालबुंद, छाती धडधडते, ओकाऱ्या, रक्तदाब धाडकन खाली. रबराच्या कारखान्यांत असली रसायनं वापरत. तिथल्या कामगारांना दारू सोसत नाही हे आधीच लक्षात आलं होतं, आणि १९४८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी तिचं औषध म्हणून वर्णन केलं. ज्याला माहीत आहे तो घाबरून पीत नाही, तिचा उपयोग तेवढाच. ज्याला माहीत नाही तो आख्खी क्वार्टर लावतो. हृदय कमकुवत असेल तर तिथेच संपतो. मेव्हणे वाचले, नशीब.

आणि जेटीवरच्या ताई, तुमच्या सासूबाईंच्या 'रक्ता'चं उत्तर याच एन्झाइममध्ये आहे. चीन, जपान, कोरियातल्या पुष्कळ लोकांत ते जन्मतःच लुळं असतं. दोन घोटांत तोंड लाल होतं, मळमळतं, म्हणून त्यांच्यात दारूच्या आहारी जाणारे कमी. म्हणजे दारूबाबत सगळ्यात पक्की माहिती असलेलं जीन माणसाला बुडवत नाही, वाचवतं. डायसल्फिरम म्हणजे त्याच जीनची नक्कल.

उलट बाजूही खरी आहे, खोटं कशाला सांगू. १९७३ मध्ये डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास झाला. जन्मदाता बाप दारुडा, पण मूल तान्हेपणीच दुसऱ्या घरी वाढलेलं. तरीही त्या मुलग्यांत दारूचं व्यसन इतर दत्तक मुलांच्या जवळजवळ चौपट निघालं. जुळ्यांच्या अभ्यासांतून अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा येतो. पण निम्मा म्हणजे तुमच्या मुलाला ५० टक्के लागणारच, असं नव्हे. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला निम्मा अनुवंशाचा, एवढंच. एक घर डोंगरउतारावर, एक सपाटीवर. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, उतारावरच्याने गटार आधी साफ करायचं.

टेस्ट करू नका. दारूचं एक जीन नसतं, शेकडो असतात आणि प्रत्येकाचा धक्का अगदी हलका. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये अशा एका चाचणीला सरकारी मान्यता मिळाली, पण तीसुद्धा अफूजन्य वेदनाशामकांसाठी, दारूसाठी नव्हे, आणि १८ वर्षांवरच्यांसाठी. १५ जीनबदल बघून धोका सांगते. पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या एका गटाने ही मान्यता मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं. तिथे ही गत, तर तुमच्या साडेसात हजारांत काय येणार? कागदावर 'धोका कमी' आलं तर पोरगा निर्धास्त, 'जास्त' आलं तर कपाळावर शिक्का. आजोबा आणि मामा हे दोन शब्द तुम्ही वर फुकट लिहिलेत, त्यात त्या कागदापेक्षा जास्त माहिती आहे.

त्याच्यासाठी करण्यासारखी गोष्ट स्वस्त आहे: पहिला घोट लांबवा. १९९७ च्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत, १५ व्या वर्षाच्या आत सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे दारूवर अवलंबून झालेले आढळले. २० नंतर सुरू करणाऱ्यांत सुमारे १० टक्के. सगळा दोष वयाचाच असं नाही, पण बोटीवर "चव बघ रे जरा" म्हणणारा कोण आहे, ते आधी शोधा.

आता दादा. पाण्यावरचे बाबा ही भुताटकी नव्हती. दारू मेंदूचा ब्रेक दाबून ठेवते. रोज दाबला की मेंदू उलट्या बाजूने जोर लावायला शिकतो. रस्सीखेचीत समोरच्याने अचानक दोरी सोडली की आपण पाठीवर आपटतो ना, तसं दोन ते चार दिवसांत होतं. थरथर, झटके, भास. यात माणूस मरू शकतो. म्हणून कुलूप घालून दारू तोडणं हा उपचार नव्हे, जिवाशी खेळ आहे. घरी एकदम बंद करायला लावू नका. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत न्या. तिथे झोपेच्या वर्गातलं औषध देऊन हळूहळू उतरवतात, व्हिटॅमिन बी-१ ची इंजेक्शनं देतात.

शॉकचं म्हणाल तर तो शॉक नाही, डोक्याबाहेरून चुंबकाचे ठोके असतात. अमेरिकेत २०२० मध्ये सिगारेट सोडण्यासाठी त्याला परवानगी मिळाली, दारूसाठी अजून अभ्यास चालू आहे. वजनाची ती गाजलेली सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं दारूची ओढ कमी करतात असं २०२५ च्या एका चाचणीत दिसलं, पण त्यात माणसं होती ४८. रांगेत उभं राहण्यासारखं नाही.

मला सगळ्यात आशा वाटते ती कुणाला कुठली गोळी लागू पडेल ते आधी सांगता येण्याची. सिगारेटमध्ये हे थोडं जमलंय. शरीर निकोटीन किती लवकर संपवतं ते रक्तात मोजून २०१५ मध्ये दाखवलं की लवकर संपवणाऱ्यांना सिगारेट सोडवणारी व्हरेनिक्लिनची गोळी निकोटीनच्या पट्टीपेक्षा सरस, सावकाश संपवणाऱ्यांना पट्टी पुरते. दारूत नाल्ट्रेक्सोन नावाच्या गोळीबद्दल अशीच आशा होती, एका जीनवाल्यांना ती जास्त लागू पडेल म्हणून. त्याच वर्षी खास त्यासाठी चाचणी झाली, आणि फरक निघालाच नाही. विज्ञान असंच रखडत चालतं.

पण नाल्ट्रेक्सोन ही गोळी अमेरिकेत १९९४ पासून दारूसाठी मान्य आहे. प्यायल्यावर जी मजा येते ती बोथट करते, डायसल्फिरमसारखा ओकाऱ्यांचा मारा नाही. दिवसाला एक. अकॅम्प्रोसेट आहे, पण ती दिवसाला सहा गोळ्या, बोटीवर कोण घेणार? मी नाल्ट्रेक्सोनची पाकिटं ठेवतो आणि एक्सपायरी झाली की परत पाठवतो. चिठ्ठीच येत नाही. उद्याचं सोडा ताई, तीस वर्षांपूर्वीचं औषध अजून आमच्या किनाऱ्याला लागलेलं नाही.

बिनदारूचे_काका (कुडाळ)

मालवणीत लिहिलं तर निम्म्यांना कळायचं नाही, म्हणून पुस्तकी लिहितो. मी खलाशी होतो. ११ वर्षं झाली, थेंब नाही. पुण्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो. ते १९८६ पासून हेच काम करतात, तिथे कुणी अंगाला हात लावला नाही.

मेडिकलवाल्यांनी मेंदूचं सांगितलं, मी नाकाचं सांगतो. सुटल्यावर सातव्या वर्षी भाच्याच्या लग्नाला मालवणला गेलो. बंदरावर उतरलो, बर्फाची लादी फोडत होते, त्यात डिझेलचा वास. अंगात काहीतरी उठलं. तोंडाला पाणी, हाताला घाम. सात वर्षांत कधी आठवण नव्हती! बायकोने तोंड बघितलं नि म्हणाली, "चल, घराक." रिक्षा करून परत. लग्न राहिलं, भाचा अजून बोलत नाही.

म्हणून मी बंदर सोडून कुडाळात आलो, किराणा दुकानात हिशेब लिहितो. तांडेलाला हे जमणार नाही, माहिती आहे. पण मासळीच्या पैशाचा वाटा हातात पडतो त्या दिवशी तो जेटीवरून सरळ घरी येईल एवढं तरी करा. माझं सगळं वाटपाच्या दिवशीच बुडायचं.

काउंटरपलीकडून (देवगड)

काका, तुमच्या बर्फाच्या लादीवर अमेरिकेत मोठा अभ्यास झालाय. व्हिएतनामला गेलेले सैनिक. १९७१ च्या सुमारास पाहिलं तर साधारण पाचांतला एक तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेला. सरकार हादरलं, हे सगळे गावी येऊन काय करतील म्हणून. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतल्यावर त्यांचा माग ठेवला, तर पहिल्या वर्षी पुन्हा आहारी गेलेले जेमतेम ५ टक्के. माणसं तीच, जीन तेच, बंदर सुटलं. दादाचं दुर्दैव असं की त्याचं पोट बंदरावरच आहे.

जेटीवरची (रत्नागिरी)

सगळ्यांचे आभार. जाहिरात ब्लॉक केली.

एका गुरुवारी सिव्हिलला गेलो. दादाला आधी १४४४६ या व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावून दिला, अनोळखी माणसाशी तो घरच्यांपेक्षा बरं बोलला. नऊ दिवस दाखल होता. कुणी मारलं नाही, कुलूप नाही. बाबा यावेळी दिसले नाहीत. यकृताची तपासणी झाली, डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन लिहून दिली, रोज एक. रत्नागिरीत दोन दुकानं फिरल्यावर मिळाली. मी त्याला विचारलं, तुला आधी का नाही कुणी दिली? तर म्हणाला, "माका कोणी इचारल्यानच नाय, सगळी शिव्याच घालीत होती."

मुलाला सांगितलं आजोबांचं, खरं खरं. तो गप्प होता. मग म्हणाला, मामाबरोबर बोटीवर जाऊ ना तरी? मी म्हटलं, बघू.

एकच अडचण राहिलीय. १ ऑगस्टला बोट सुटणार. समुद्रात चार-पाच दिवस गोळी विसरला, नाहीतर मुद्दाम विसरला, तर?

काउंटरपलीकडून (देवगड)

ती गोळी त्याच्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका. दुसऱ्याने द्यायची आणि समोर गिळलेली बघायची. बोटीवर न पिणारं कुणी आहे का? आणि गळ्यातल्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, नाल्ट्रेक्सोन चालू आहे म्हणून. बोटीवर हात मोडला तर अफूच्या वर्गातली वेदनाशामकं त्याला लागू पडायची नाहीत, डॉक्टरांना कळायला हवं.

जेटीवरची (रत्नागिरी)

आहे एक. जेवण बनवणारा नेपाळी पोरगा, सहा वर्षं आमच्याच बोटीवर. डिसेंबरात दादाला ज्या दोघांनी धरला त्यातला एक तोच. काल घरी बोलावून पाकीट त्याच्या हातात दिलं, दादासमोरच. म्हणाला, सकाळच्या चहाबरोबर देतो. वर विचारतो कसा, "दीदी, चहात टाकून नाही ना द्यायची?"