ऐकवत नाही, सोडवतही नाही: प्रयोगशील एक्स्ट्रीम मेटल नक्की का ओढतं?

विषम मात्रा

गेल्या महिन्यात ठाण्याहून पुण्याला येताना गाडीत गॉरगट्स या मेटल बँडचा 'ऑब्स्क्युरा' हा अल्बम लावला होता. शेजारी मेव्हणा. खोपोलीपर्यंत बिचारा गप्प होता. घाट लागला तसा म्हणाला, "दाजी, स्पीकरची वायर सैल झालीय का?"

हा चर्चेचा धागा त्या वायरीबद्दल आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डेथ मेटल, ब्लॅक मेटल, ग्राइंडकोर ही सगळी भावंडं मिळून एक्स्ट्रीम मेटल. पहिल्याच मिनिटाला ऐकणाऱ्याला दाराबाहेर काढायचं, हा यांच्या घराण्याचा बाणा. आता बाहेर काढण्याचीही एक ठरीव पद्धत होऊन बसते. गाताना तीच घशातली गुरगुर, तोच वेग. गॉरगट्स हा कॅनडातल्या क्यूबेकचा बँड. १९९३ साली त्यांचा दुसरा अल्बम आला, मग रेकॉर्ड कंपनीने त्यांना सोडून दिलं. पुढची पाच वर्षं अल्बम नाही. त्या काळात ल्यूक लमे आणि स्टीव्ह हर्डल या दोन गिटारवाल्यांनी असं काही रचलं की १९९८ साली 'ऑब्स्क्युरा' आल्यावर जुने चाहतेही चक्रावले. गिटार इथे चाल वाजवत नाही. ती कण्हते, घासते, तार ताणून सूर मुद्दाम वाकडा करते. दुसरी तिला साथ देईल म्हणावं, तर ती वेगळ्याच भांडणात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही पाय ठेवायला जागा सापडली नव्हती. सहाव्या-सातव्या वेळी एक ठोका ओळखीचा वाटला. मग त्याच्या आधीचा. हळूहळू कळलं की यात एकही गोष्ट चुकून झालेली नाही. माझ्यासाठी ओढ इथे आहे: आपण हरवलोय, पण ज्याने हरवलं त्याला रस्ता पाठ आहे. असे अल्बम तुकड्यातुकड्याने ऐकून चालत नाहीत, तासभर बसावं लागतं.

तुमचं काय?

कोरडवाहू

आमच्या आळीत पाट्याला टाकी लावणारा यायचा. त्यालाही रस्ता पाठ होता. अल्बम निघाला नाही, गरीब होता.

तानपुरा_५२

विमाशेठ (विषम मात्रा फार लांब होतं, माफ करा), तुम्ही इतकं प्रेमाने लिहिलंत म्हणून पहिली तीन गाणी ऐकली. बंद दाराआड, हेडफोन लावून, घरच्यांना कळू न देता. आता मत देण्याचा हक्क मिळाला असं धरतो.

तुमच्या म्हणण्यात एक मोठं भोक आहे. सातव्या वेळी ओळखीचं वाटलं, हा त्या संगीताचा गुण कसा झाला? तो तुमच्या कानाचा गुण. आमच्या इमारतीशेजारी चार महिने पाइलिंग चालू होतं. पहिल्या आठवड्यात पोलिसांत जायची भाषा झाली. बंद पडलं तेव्हा दोन रात्री मला झोप येईना, कान त्या ठोक्याची वाट बघत राहिले. म्हणून काही पाइलिंगला मैफलीत बसवत नाही. कशाचीही सवय होते. ज्याला सात वेळा ऐकावं लागतं त्याला आवड म्हणायचं की सोसण्याची तयारी?

विषम मात्रा

काका, पाइलिंग फर्मास. पण सवय झाली की लक्ष उडतं ना? घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी होते तसं. इथे उलटं झालं, दर खेपेला जास्त ऐकू यायला लागलं. याच अल्बमवर 'क्लाउडेड' नावाचं एक गाणं आहे, नऊ मिनिटांच्या वर. बाकी सगळा अल्बम पिसाळलेला आणि हे मात्र चिखलातून बैल चालावा तसं. पहिले काही दिवस मी ते सरळ पुढे ढकलायचो. आज त्या तासाचा खांब मला तेच वाटतं.

शिवाय सात-सात वेळा ऐकूनही घशाखाली न उतरलेले अल्बम माझ्याकडे ढीगभर आहेत. नुसती सवयच असती तर ते सगळे आवडायला हवे होते.

तानपुरा_५२

ते ढीगभर तुम्ही आवडायचं ठरवून ऐकले नव्हते. हा ठरवून ऐकलात, कारण कुणीतरी आधी सांगितलं होतं की हा थोर आहे. खरं की नाही?

विषम मात्रा

...खरं आहे. कॉलेजातल्या सीनिअरने सीडी बर्न करून दिली होती, वर मार्करने लिहिलं होतं 'घाबरू नको'.

डबल बेस

मी मेटलवालाच, तरी धागाकर्त्याच्या विरुद्ध बाजूने. धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक या महोत्सवाला घाम गाळलेली पिढी. (रंगभवन बंद झालं त्याचं दुःख हा वेगळा धागा.)

'प्रयोगशील' हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप आवाज कमी करायला जातो. मेटल हे मानेने ऐकायचं संगीत आहे. मान हलली पाहिजे. 'ऑब्स्क्युरा'वर मान कुठल्या दिशेला हलवायची याचं आधी वेळापत्रक काढावं लागतं. इंग्लंडच्या कॉव्हेन्ट्रीचा बोल्ट थ्रोअर हा बँड घ्या. आयुष्यभर एकच काम केलं: रणगाड्यासारखा जड, मधल्या लयीचा रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा. २००५ साली 'दोज वन्स लॉयल' काढला. पुढचा करायला बसले, त्याच्या तोडीचं होत नाही असं दिसलं, तर काढलाच नाही. ड्रमर वारल्यावर वर्षभराने, २०१६ साली, बँडच मिटवला. नवीन सुचत नसेल तर गप्प बसणं हीसुद्धा प्रतिभाच की! ती कुणी मोजत नाही, कारण तिच्यावर लांबलचक लेख लिहिता येत नाहीत.

आणि हल्लीचं 'नावीन्य' म्हणजे ठिगळं. ब्लड इन्कँटेशन या बँडचा २०२४चा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर' बघा. डेन्व्हरची पोरं बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गेली, टँजरिन ड्रीम या जर्मन बँडचा सिंथवाला (सिंथेसायझर वाजवणारा) पाहुणा बोलावला, वीस-वीस मिनिटांच्या दोन रचना केल्या. दोन मिनिटं डेथ मेटल, मग अचानक अंतराळातली शांतता, मग पिंक फ्लॉइडची आठवण, मग पुन्हा डेथ मेटल. लोक म्हणे क्रांती! अहो, थाळी आहे ती. पदार्थ चांगले आहेत, पण वाट्या वेगवेगळ्याच.

विषम मात्रा

थाळी मान्य, अर्धी. त्या दोन रचनांपैकी 'द स्टारगेट'मध्ये जोड दिसतो, पहिल्यांदा ऐकताना मीही हसलो होतो. 'द मेसेज'मध्ये मात्र वाट्या एकमेकींत सांडतात. आणि ही पोरं फॅशन म्हणून सिंथकडे वळली असं नाही, २०२२ साली यांनीच गुरगुर आणि ड्रम्स बाजूला ठेवून अख्खा सिंथचा 'टाइमवेव्ह झीरो' काढला होता.

बोल्ट थ्रोअरबद्दल वाद नाही, मी पण मान हलवतो. पण 'लेख लिहिता यावेत म्हणून' हे पटत नाही. चक शुल्डिनरने १९९१ साली डेथ या आपल्या बँडच्या 'ह्यूमन' अल्बमसाठी सिनिक या बँडमधली दोन पोरं घेतली आणि डेथ मेटलमध्ये जॅझचा वारा शिरला. त्याच सिनिकने १९९३ साली 'फोकस' काढला, त्यात यंत्रातून काढलेला रोबोटसारखा गळा, कुठे अगदी तरल गिटार. पुढच्या वर्षी बँड फुटला. तेव्हा हे करून कुणाची घरं बांधून झाली नव्हती.

डबल बेस

'फोकस' मलाही आवडतो. कुणाला सांगू नका.

सात मात्रे

ड्रम्स वाजवते (घरच्यांच्या मते आपटते), म्हणून माझे दोन आणे.

मानेचा प्रश्न निघालाच आहे तर मेशुगा. स्वीडनच्या उमेओचा बँड. २००२च्या 'नथिंग'वर 'रॅशनल गेझ' आहे. त्यात ड्रमरचा उजवा हात सरळसोट चार-चार मोजत झांज वाजवतो, तिसऱ्या ठोक्याला स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम. एखादा लहान मुलगाही टाळी देईल. पण गिटार आणि पायाचे ड्रम वेगळ्याच लांबीचं आवर्तन घेऊन फिरत असतात, त्यामुळे दर फेरीला ते चाराच्या हिशेबातून थोडे सरकतात. पुन्हा सरकतात. आपल्याला वाटतं, गेलं हातातून. आणि ६४व्या ठोक्यानंतर दोघं एकदम एकत्र. तो क्षण अंगावर येतो, कारण कान नकळत मोजत असतो.

म्हणजे डबल बेसजी, मान हलवा की चारात! झांज तुमच्यासाठीच आहे.

मला हे ऐकल्यावर पहिली आठवण झाली ती समेची. तबल्याच्या वर्गात गुरुजी तिहाई लांबवायचे आणि आम्ही श्वास धरून बसायचो, तीच गंमत.

तानपुरा_५२

सात मात्रे ताई, समजावलंत छान, पण इथे मी जोरात हरकत घेतो. सम ही रसिक आणि कलाकार यांच्यात आधीपासून ठरलेली असते. ठेका सगळ्यांना दिसतो, गवई त्याच्याशी त्या क्षणी खेळतो, कधी चुकतो, चुकून सावरतो, आणि समेवर आल्यावर अख्खी मैफल मान डोलावते. तुमचं गणित घरी बसून सोडवलेलं, रोज तसंच येणार. त्याला गुंतागुंत म्हणा, लयकारी म्हणू नका.

दुसरं, जरा कडू. आपल्याकडे पाश्चात्त्य काहीही आवडलं की लगेच त्याला आपल्या शास्त्रीय संगीताचं प्रमाणपत्र चिकटवायची खोड आहे. त्या संगीतात दम असेल तर त्याला तबल्याची शिफारस कशाला लागते?

सात मात्रे

काका, प्रमाणपत्राचं बोलणं लागलं, आणि बरोबरच लागलं. गुरुजींची आठवण खरी आहे, पण ती माझी. मेशुगावाल्यांचा तिच्याशी संबंध नाही.

'घरी सोडवलेलं गणित' हा मात्र दोष मानत नाही. शिल्पही आधी घडवूनच समोर येतं. २००५च्या 'कॅच थर्टीथ्री'मध्ये तर त्यांनी ४७ मिनिटं सलग एकच रचना ठेवली आणि ड्रम्स संगणकावर बसवले. टॉमस हाकेसारखा वादक हाताशी असून! आवाज त्याच्याच हातचे, आधी रेकॉर्ड केलेले. त्यात मध्येच एके ठिकाणी सगळं जवळजवळ थांबतं आणि मिनिटामागून मिनिटं गिटारची नुसती धग उरते. हे प्रत्यक्ष क्षणाचं संगीत नाहीच, आराखड्याचं आहे.

कोरडवाहू

४७ मिनिटं एकच गाणं? यांच्यात सगळ्यात लहान काय मिळेल?

डबल बेस

नॅपाम डेथ, 'यू सफर', १९८७च्या 'स्कम'वरचं. १.३१६ सेकंद. गिनेस बुकात नोंद आहे.

कोरडवाहू

ऐकलं. पूर्ण ऐकलं. उत्तम आहे, पुढचं कडवं असतं तर बिघडलं असतं.

उदास कावळा

सगळे गणितात रमलात, नॉर्वे कुणीच काढला नाही. ९०च्या दशकातल्या तिथल्या ब्लॅक मेटलने धुरकट, मुद्दाम गचाळ रेकॉर्डिंगमधून एक नवंच वातावरण उभं केलं, हे शोधकच होतं. त्यातल्याच काहींनी लाकडी चर्चं जाळली आणि १९९३ साली बर्झम या बँडवाल्याने मेहेम या दुसऱ्या बँडच्या गिटारवाल्याचा खून केला. मी बर्झम ऐकत नाही. एकेकाळी ऐकायचो. चाल अजून डोक्यात आहे, त्याचं काय करायचं ते कळत नाही.

विषम मात्रा

कावळेबुवा, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी पैसे देत नाही, एवढंच करतो. पुरेसं आहे का, माहीत नाही.

डबल बेस

आपल्या मुंबईच्या डीमॉनिक रिझरेक्शनचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून घेतो. २०१७चा 'दशावतार', एकेका गाण्याला एकेक अवतार. तुमच्या अर्थाने प्रयोगशील नसेल, पण 'वराह'वर मान हलते. (काका, प्रमाणपत्र नाही, नुसती जाहिरात.)

तानपुरा_५२

दोन दिवसांनी लिहितोय. विमाशेठनी खाजगी निरोपातून सुचवलं म्हणून गॉरगट्सचा २०१३चा 'कलर्ड सँड्स' ऐकला. तिबेटवर आहे. नाव बहुधा वाळूच्या मंडलांवरून. दिवसचे दिवस खपून रंगीत वाळूची नक्षी करायची आणि झाली की पुसून टाकायची, तेच ते. मधोमध 'द बॅटल ऑफ चामडो' नावाची पाचेक मिनिटांची नुसती तंतुवाद्यांची रचना आहे, चिनी फौजा १९५०मध्ये शिरल्या त्या लढाईवर. गिटार नाही, गुरगुर नाही. ती मला मनापासून आवडली, हे कबूल.

तिथेच थांबणार होतो. पण चहा गाळत होतो, हात ओले, आणि पुढचं आपोआप सुरू झालं. त्या तारांच्या पाठोपाठ येणारा दणका मला पहिल्यांदाच गोंगाट वाटला नाही. फौज शिरली असंच वाटलं. गाळणं हातातच राहिलं.

तर मांडणीबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. पण त्या दणक्यासाठी तो गळा हवाच होता का? माझं उत्तर अजून 'नाही'. तिबेटी भिक्षूंचे खर्जातले मंत्र ऐका, तोही घशाच्या खालच्या अंगाने काढलेला खरखरीत आवाजच. तो ऐकताना मी घाबरत नाही, शांत होतो.

सात मात्रे

काका, तो आवाज आणि आमची गुरगुर जवळजवळ एकाच जागेतून निघतात. मूळ स्वरतंतूंच्या वर पडद्याची आणखी एक जोडी असते, ती थरथरवायची. मग तिबेटवरच्या अल्बमात तो गळा उपरा कसा?

तानपुरा_५२

हं. वकील आहात का?

सात मात्रे

नाही, दंतवैद्य. घसा रोज बघते.

कोरडवाहू

१.३१६ सेकंदवाल्यांचं अजून काही आहे का? जेवायला बसायच्या आधी लावेन म्हणतो.